मॅनेजर बदलून टीम वाचते का? लेस्टरच्या निमित्तानं

प्रश्न मिरजेच्या एका तरुणाचा आहे. थोडक्यात असा: "आम्ही चौघं मित्र २०१६ पासून लेस्टर सिटी या इंग्लिश फुटबॉल क्लबचे चाहते. २०२३ ला टीम प्रीमियर लीगमधून खालच्या डिव्हिजनला गेली, २०२४ ला वर आली, २०२५ ला परत खाली. तेव्हापासून आमच्यात वाद चालू आहे. एक म्हणतो मॅनेजर चुकीचे आणले. दुसरा म्हणतो खेळाडूंना क्लबचं काही पडलेलं नाही. तिसरा मालकांना धरतो. सर, तुम्ही इतकी वर्षं कोचिंग करताय. टीम खाली जाणार हे आधी ओळखता येतं का? मॅनेजर हाकलून खरंच काही होतं का? आणि खाली गेल्यावर क्लब संपतो का?"

मी सांगली-मिरजेत शाळेच्या आणि क्लबच्या पोरांना शिकवतो. प्रीमियर लीगच्या ड्रेसिंग रूममध्ये काय चालतं ते मी पाहिलेलं नाही. पण हरत चाललेली टीम मैदानावर कशी दिसते, हे मी जवळून पाहत आलोय, आणि त्या बाबतीत आपलं शिवाजी स्टेडियम आणि लेस्टरचं किंग पॉवर यांत फारसा फरक नाही. म्हणून आधी उत्तर देतो, मग कारणं. मॅनेजर, म्हणजे मुख्य कोच, बदलून टीम वाचते, पण टीममध्ये वाचण्याइतकी ताकद आधीच असेल आणि ती त्या मॅनेजरमुळे अडकून पडली असेल तरच. ताकदच नसेल तर नवा माणूस आणून फक्त नाव बदलतं. तुमच्या चौघांत मालकांना धरणारा मित्र सत्याच्या सगळ्यात जवळ आहे असं माझं मत आहे, पण त्याचंही पूर्ण बरोबर नाही.

लेस्टरचीच गोष्ट घ्या, कारण याच एका क्लबनं गेल्या काही वर्षांत सगळे प्रयोग करून ठेवलेत.

२०१४-१५ च्या मोसमात नायजेल पीअर्सन मॅनेजर होते. ख्रिसमसला टीम तळाला. २९ मॅच झाल्या तेव्हा १९ पॉइंट, तेव्हाही तळालाच. त्या वेळी बाहेरून बघणारा कोणीही म्हणाला असता की याला आता घरी पाठवा. क्लबनं पाठवलं नाही. उरलेल्या ९ मॅचपैकी ७ जिंकल्या, एक बरोबरीत सुटली, एक हरले. शेवटी ४१ पॉइंट आणि १४ वा नंबर. पुढच्या वर्षी याच टीमनं प्रीमियर लीग जिंकली हे तुम्हाला सांगायला नको, तुम्ही त्यामुळेच चाहते झालात. त्या घसरणीच्या काळात नीट बघितलं असतं तर दिसलं असतं की टीम बऱ्याच मॅच एका गोलच्या फरकानं हरत होती. धावत होती, संधी काढत होती, फक्त गोल होत नव्हता. पुढे विजेतेपद मिळवणाऱ्या टीममधले वार्डी, महरेझ, मॉर्गन, श्माइकल सगळे त्या तळाच्या टीममध्ये होतेच.

मग २०१७. क्लॉडिओ रानिएरी यांनी विजेतेपद मिळवून दिल्यावर नऊ महिने होतात न होतात तोच, फेब्रुवारीत, त्यांना काढलं. तेव्हा २५ मॅचमध्ये २१ पॉइंट होते, टीम १७ वी, आणि २०१७ उजाडल्यापासून लीगमध्ये एकही गोल नव्हता. जगभरातून टीका झाली. मलाही त्या वेळी फार वाईट वाटलं, माणूस म्हणून आजही वाटतं. पण क्रेग शेक्सपिअर यांनी सूत्रं घेतली आणि लीगमधल्या पहिल्या पाचही मॅच जिंकल्या. टीम १२ वी आली. त्यांनी नवीन काही शोधून काढलं नव्हतं. आदल्या वर्षीचीच पद्धत परत आणली: दोन ओळींत चार-चार जण घट्ट उभे, बॉल मिळाला की वेळ न घालवता वार्डीच्या पुढे मोकळ्या जागेत. काँटे चेल्सीला गेला होता, पण बाकी टीम बहुतेक तीच होती. ताकद होती, ती मोकळी झाली.

आता २०२४. एन्झो मारेस्का यांनी चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे दुसऱ्या डिव्हिजनमध्ये, ९७ पॉइंट मिळवून टीमला वर आणलं आणि लगेच ते चेल्सीला गेले. स्टीव्ह कूपर आले. नोव्हेंबरच्या शेवटी त्यांना काढलं तेव्हा १२ मॅचमध्ये १० पॉइंट होते आणि टीम १६ वी होती, म्हणजे धोक्याच्या रेषेच्या वर होती. त्यांच्यानंतर रूड व्हॅन निस्टलरॉय आले. उरलेल्या २६ मॅचमध्ये क्लबनं मिळवले १५ पॉइंट. घरच्या मैदानावर सलग ९ लीग मॅचमध्ये एकही गोल झाला नाही, इंग्लंडच्या वरच्या डिव्हिजनच्या इतिहासात असं आधी कधी घडलं नव्हतं. पाच मॅच बाकी असतानाच टीम खाली गेली. मोसमाअखेर एकूण २५ पॉइंट.

एकाच क्लबचे तीन निर्णय बघा. एकदा मॅनेजर ठेवला, टीम वाचली. एकदा काढला, वाचली. एकदा काढला, बुडाली. म्हणजे 'ठेवायचा की काढायचा' हा प्रश्न सुटा विचारला तर त्याला उत्तरच नाही. त्याच्या आधीचा प्रश्न असतो: मॅनेजरच्या हातात दिलेली टीम किती ताकदीची आहे?

ते टेबल बघून कळत नाही, आणि इथेच तुमचा वाद अडकलाय. पावसाळ्यात आपण आयर्विन पुलाखालची पातळी ऐकतो तेव्हा नुसत्या फुटांवर थांबत नाही. कोयनेतून किती पाणी सोडलंय, वर पाऊस चालू आहे का, अलमट्टीचा विसर्ग किती, हे विचारतो, मग घरातलं सामान वर न्यायचं का ते ठरवतो. पॉइंट टेबल हा पुलाखालचा आकडा आहे. तो आज काय झालं ते सांगतो. उद्या काय होणार ते वरून येणाऱ्या पाण्यावर ठरतं, आणि फुटबॉलमध्ये ते पाणी म्हणजे दोन्ही पेनल्टी बॉक्समध्ये तयार होणाऱ्या संधी.

आजकाल मोबाइलवर प्रत्येक मॅचनंतर एक्सजी दाखवतात. तो आकडा म्हणजे प्रत्येक शॉटची जागा, कोन, आजूबाजूचे डिफेंडर बघून त्या शॉटला गोल होण्याची शक्यता किती, याची बेरीज. पेनल्टीला साधारण पाऊण मिळतं, म्हणजे चारपैकी तीन पेनल्टी आत जातात. एका मॅचच्या एक्सजीवरून कुणाला शहाणं ठरवू नका. दहा मॅचची बेरीज करा. टीम दहा मॅचमध्ये समोरच्याइतक्याच चांगल्या संधी काढतेय आणि तरी हरतेय, तर थांबा, पॉइंट येतील. संधीच निघत नसतील आणि एखाददुसरी मॅच लांबून मारलेल्या गोलवर जिंकली असेल, तर टेबलात १२ वा नंबर असला तरी काळजी करा.

आकडे नकोत, डोळ्यांनीच बघायचं, तर मी काय बघतो ते सांगतो. यावर मी जरा जास्त बोलणार, कारण माझं खरं काम हेच आहे.

पहिलं, बॉल गमावल्यावरचे पाच सेकंद. टीव्हीचा कॅमेरा बॉलच्या मागे जातो, तुम्ही जाऊ नका. मिडफील्डमधले दोघं मान खाली घालून चालतायत की वळून पळतायत? ज्या टीमचा कोचवर विश्वास आहे ती शून्य-दोन मागे असतानाही वळून पळते. एकदा चालायला लागली की मॅनेजरनं फळ्यावर काय काढलंय याला अर्थ उरत नाही. 'खेळाडूंना पडलेलं नाही' हे तुमच्या मित्राचं वाक्य तपासायची हीच जागा आहे. गोल खाल्ल्यावर चेहरा कसा आहे, मॅचनंतर इन्स्टाग्रामवर काय टाकलं, यावरून ते कळत नाही.

दुसरं, शेवटच्या डिफेंडरपासून मिडफील्डपर्यंतचं अंतर. घाबरलेली टीम इथे फाटते. डिफेंडर मागे सरकतात, कारण पाठीमागे बॉल पडण्याची भीती असते. फॉरवर्ड पुढेच राहतात, कारण त्यांना गोल हवा असतो. मधे मोठी मोकळी जागा पडते आणि समोरचा प्लेमेकर तिथे आरामात वळतो. बघणाऱ्याला सेंटर-बॅक दोषी वाटतो, कारण गोलच्या वेळी कॅमेऱ्यात तो असतो. खरी चूक तीस-पस्तीस मीटर पुढे झालेली असते.

तिसरं, कॉर्नर आणि फ्री-किक. तळाच्या टीमच्या कितीतरी मॅच एका कॉर्नरवर जातात. कॉर्नरच्या आधी खेळाडू एकमेकांना हात करून जागा दाखवतायत का? कुणीतरी ओरडतोय का? आमच्याकडे शाळांच्या सुब्रतो कपच्या जिल्हा पातळीच्या मॅचलाही मी हेच बघतो. ज्या पोरांच्या टीमचा आवाज पहिल्या पंधरा मिनिटांत बंद होतो, तिचा गोलकीपर कितीही चांगला असला तरी ती टीम त्या दिवशी कॉर्नरवर गोल खाते. आणि मग मैदानाबाहेरून पालक म्हणतात, "सर, कीपर बदला."

चौथं, पहिला गोल खाल्ल्यानंतरची दहा मिनिटं. काही टीमचं घडी बसलेलं डिफेन्स असतं, ती गोल खाऊनही तशीच उभी राहते. काही लगेच विस्कटते. एकापाठोपाठ दोन गोल खाण्याची सवय लागलेली टीम मला सगळ्यात जास्त धोक्यात वाटते, कारण ती सवय मोडायला वेळ लागतो आणि मोसमात वेळच नसतो.

आता नवा मॅनेजर आल्यावर खरंच काय बदलू शकतं ते बघा. आठवड्याभराच्या सरावात बदलता येतात अशा गोष्टी मोजक्या आहेत. दोन ओळींमधलं अंतर कमी करता येतं. कॉर्नरला कुणी कुठे उभं राहायचं ते बसवता येतं. अवघड पासिंग सोडून बॉल सरळ पुढे खेळायला सांगता येतं. बाकावर बसलेल्यांना वाटतं की आता आपली पाटी कोरी आहे, त्यामुळे सरावाला चुरस येते. पंधरा दिवसांत याचा परिणाम दिसतो, आणि लोक त्याला जादू म्हणतात. पण सेंटर-बॅकचा वेग वाढत नाही. गोल मारणारा स्ट्रायकर नसेल तर तो उगवत नाही. पुढून दाब टाकत खेळायचं असेल तर त्यासाठी लागणारा स्टॅमिना मोसमाच्या मधे बांधता येत नाही, तो जुलै-ऑगस्टच्या तयारीत बांधायचा असतो.

शॉन डाइश २०२३ च्या जानेवारीअखेर एव्हर्टन क्लबला मॅनेजर म्हणून आले तेव्हा टीमचे २० मॅचमध्ये १५ पॉइंट होते. त्यांनी नेमकं हेच केलं: ओळी जवळ आणल्या, कॉर्नर आणि फ्री-किकवर मेहनत घेतली, सरळ फुटबॉल. उरलेल्या १८ मॅचमध्ये २१ पॉइंट. शेवटच्या दिवशी बोर्नमथवर डुकुरेच्या एकमेव गोलनं विजय मिळवून ३६ पॉइंटवर वाचले. त्याच दिवशी तुमचं लेस्टर ३४ पॉइंटवर खाली गेलं. आणि हे नीट लक्षात घ्या: लेस्टरनं त्या मोसमात ५१ गोल मारले होते, एव्हर्टननं फक्त ३४. पण एव्हर्टननं ५७ खाल्ले आणि लेस्टरनं ६८. मॅडिसन, बार्न्स, टीलेमान्स, वार्डी एवढे गुणी खेळाडू असलेली टीम खाली जाते ती अशी. चाहते पुढच्या खेळाडूंची नावं मोजतात, खाली जाणं मात्र मागच्या बाजूला ठरतं.

वुल्व्ह्ज क्लबचं उदाहरणही असंच शिकण्यासारखं आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गॅरी ओनील यांना काढलं तेव्हा १६ मॅचमध्ये ९ पॉइंट होते. व्हिटर पेरेरा आले आणि मोसम ४२ पॉइंटवर संपला. चाहत्यांनी त्यांना डोक्यावर घेतलं. मग त्या उन्हाळ्यात मॅथ्यूस कुन्या मँचेस्टर युनायटेडला आणि आइत-नूरी मँचेस्टर सिटीला विकला गेला. पुढच्या मोसमात पहिल्या १० मॅचमध्ये २ पॉइंट, आणि नोव्हेंबरात तेच पेरेरा बाहेर. सहा महिन्यांत माणूस कोचिंग विसरला का? त्याच्या हातातली टीम बदलली होती.

यावर अभ्यासही झालेत. नेदरलँड्सच्या वरच्या लीगचा १९८६ ते २००४ या काळाचा एक अभ्यास आहे, त्यात दोन गट घेतले: सलग हरल्यावर मॅनेजर बदललेले क्लब, आणि तितकेच हरूनही न बदललेले क्लब. दोघंही पुढे जवळपास सारखेच सावरले. कारण समजायला सोपं आहे. मॅनेजर काढतात तो सगळ्यात वाईट दिवसांत. त्या वाईट दिवसांत थोडं दुर्दैव मिसळलेलं असतंच, आणि ते पुढे आपोआप कमी होतं. श्रेय नव्या माणसाला मिळतं. याचा अर्थ मॅनेजर कधीच बदलू नये असा मी घेत नाही, रानिएरींच्या वेळी बदल योग्य होता असं मला खेळाकडे बघून वाटतं. पण बदल हा औषधासारखा ठरावीक वेळाने घ्यायचा नसतो. जर्मनीत शाल्क क्लबनं २०२०-२१ च्या एका मोसमात पाच मॅनेजर वापरले. दोन मोसमांत मिळून सलग ३० लीग मॅच विजयाशिवाय गेल्या. एकूण १६ पॉइंट मिळवून टीम खाली. पाच जणांनी पाच वेगळ्या गोष्टी सांगितल्या, खेळाडूंनी कुणाचं ऐकायचं?

म्हणून मालकांकडे वळतो. लेस्टर २०२१ मध्ये एफए कप जिंकलं, वेम्बलीवर टीलेमान्सच्या त्या एका गोलवर. दोन वर्षं लागोपाठ लीगमध्ये पाचवं आलं होतं. तिथून दोन वर्षांत खाली. मधे काय झालं? पगार युरोपात खेळणाऱ्या क्लबसारखे वाढले, पण पहिल्या चारांत न आल्यामुळे चॅम्पियन्स लीगचे पैसे आले नाहीत. मालकांचा ड्यूटी-फ्री दुकानांचा धंदा कोरोनात बसला. २०२२ च्या उन्हाळ्यात कॅप्टन आणि गोलकीपर श्माइकल गेला, फोफानाला चेल्सीला विकलं, आणि गोलकीपर सोडला तर बदल्यात एकच खेळाडू आला, वाउट फास. पहिल्या सात मॅचमध्ये एक पॉइंट. टीलेमान्स आणि सोयुंचू यांचे करार संपत आले होते, ते वेळेत विकलेही नाहीत आणि नवे करारही झाले नाहीत, दोघं फुकट गेले. त्या मोसमात ब्रेंडन रॉजर्स यांना एप्रिलमध्ये काढलं, आठ-दहा मॅच उरल्या असताना. काढायचंच होतं तर वर्ल्डकपच्या सुट्टीत काढायला हवं होतं, तेव्हा नव्या माणसाला सरावासाठी महिनाभर मिळाला असता. ठेवायचं होतं तर शेवटपर्यंत ठेवायचं. मधेच, उशिरा, घाबरून घेतलेला निर्णय दोन्हीकडचं नुकसान करतो.

तरी तुमच्या तिसऱ्या मित्राला एक सांगा. मालक विचाई श्रीवद्धनप्रभा यांनी तो क्लब घेतला तेव्हा तो दुसऱ्या डिव्हिजनला होता, आणि २०१८ मध्ये मैदानाबाहेरच हेलिकॉप्टर कोसळून ते गेले तेव्हा अख्खं शहर रडलं. त्यांच्या कुटुंबानं चुका केल्या आहेत, पण क्लब लुटला असं म्हणणं अन्याय आहे. लुटणारे मालक वेगळे असतात.

खेळाडूंबद्दल एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. तुमच्या वयाची पोरं रात्री मॅच संपली की खेळाडूच्या अकाउंटवर जाऊन त्याच्या आई-बहिणीवरून लिहितात. मी हे मोबाइलवर पाहिलंय, मराठीतही पाहिलंय. माझ्याकडे येणारी चौदा-पंधरा वर्षांची मुलंही ते वाचतात, आणि मग सरावात ज्याच्या पायातून बॉल सुटला त्याच्याशी त्याच भाषेत बोलतात. तो मुलगा पुढच्या वेळी बॉल मागतच नाही. लपतो. मैदानावर लपलेला खेळाडू मला शोधून काढावा लागतो, आणि त्याला परत बॉल मागायला शिकवणं हे पासिंग शिकवण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. व्यावसायिक खेळाडूही याला अपवाद नाहीत. खेळावर टीका जरूर करा, "लेफ्ट-बॅक दोघांविरुद्ध एकटा पडतोय आणि विंगर मदतीला येत नाही" असं म्हणा. असं म्हणायला मॅच नीट बघावी लागते.

हिशोबाचं थोडक्यात. २० टीम, ३८ मॅच, शेवटचे ३ खाली. ४० पॉइंट झाले की वाचलो असं सगळे म्हणतात, पण ती रेषा हलते. २००२-०३ मध्ये वेस्ट हॅम ४२ पॉइंट घेऊन खाली गेलं, जो कोल, कॅरिक, डी कॅनियो, डिफो असे खेळाडू असताना. उलट २०२३-२४ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टचे ४ पॉइंट शिक्षा म्हणून कापले तरी ते ३२ वर वाचले. २०२४-२५ मध्ये तर टॉटनहॅम ३८ पॉइंट मिळवून १७ वं आलं आणि तरी त्यांना धोका शिवलाही नाही, कारण खालचे तिघं २५, २२ आणि १२ वर अडकले होते. त्याच मोसमात ते युरोपा लीग जिंकले आणि तरी पोस्टेकोग्लू यांना काढलं. २०२३-२४ आणि २०२४-२५ असे सलग दोन मोसम वर आलेले तिन्ही क्लब लगेच खाली गेले, हे मला पॉइंटांपेक्षा जास्त चिंतेचं वाटतं. वरच्या आणि खालच्या डिव्हिजनमधली दरी पैशानं रुंदावत चाललीय. त्यामुळे नंबर बघताना आपले पॉइंट नका मोजू, १८ व्या टीमशी असलेलं अंतर आणि तिच्याशी उरलेली मॅच बघा. पॉइंट सारखे झाले तर गोल फरक बघतात, म्हणून शून्य-तीन मागे असतानाही चौथा गोल अडवणाऱ्या डिफेंडरला टाळी द्या.

शेवटचा प्रश्न, खाली गेल्यावर क्लब संपतो का.

इंग्लंडमध्ये नाही, जर तयारी असेल तर. खाली गेलेल्या क्लबला टीव्हीच्या समान वाट्यातला हिस्सा पुढेही मिळतो: पहिल्या वर्षी ५५ टक्के, दुसऱ्या वर्षी ४५, आणि क्लब एकाहून जास्त मोसम वर राहिला असेल तर तिसऱ्या वर्षी २० टक्के. शहाणे क्लब खेळाडूंच्या करारातच लिहून घेतात की खाली गेलो तर पगार इतका कमी होईल. ज्यांनी लिहिलं नाही ते अडकतात. लीड्स २००४ ला खाली गेलं ते कर्ज घेऊनच, २००७ ला आणखी एक डिव्हिजन खाली, आणि परत वर यायला २०२० उजाडलं. संडरलँड २०१७ आणि २०१८ अशी लागोपाठ दोन वर्षं खाली गेलं, चार मोसम तिसऱ्या डिव्हिजनला काढले, आणि २०२५ मध्ये वेम्बलीवर प्ले-ऑफ जिंकून परतलं. या सगळ्या काळात त्यांचं स्टेडियम ओस पडलं नाही. कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा किंवा दिलबहार या तालमींच्या टीमची मॅच ज्यांनी उभं राहून पाहिलीय त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. तालीम हरली म्हणून तिथला माणूस दुसरी तालीम धरत नाही.

क्लब संपणं म्हणजे काय ते आपल्या देशानं पाहिलंय. महिंद्रा युनायटेड २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकलेली मुंबईची टीम. २०१० मध्ये कंपनीनं ती बंद केली. पुण्याची डीएसके शिवाजीयन्स २०१७ नंतर उरली नाही. पंजाबची जेसीटी २०११ मध्ये गेली. यातली कुठलीच टीम नुसती मैदानात हरून संपली नाही. पैसे देणाऱ्यानं हात काढला आणि ज्यांची ती टीम होती त्या चाहत्यांना कुणी विचारलंही नाही. लेस्टर खाली गेल्याचं दुःख मला समजतं, पण ज्या मुलाची टीम टेबलातूनच नाहीशी झाली त्याच्याकडे वाट बघायलाही काही नसतं.

आणि मॅनेजरचं म्हणाल तर खाली गेल्यावर त्याला काढायलाच हवं असंही नाही. मँचेस्टर युनायटेड १९७४ ला खाली गेलं, टॉमी डॉकर्टी यांना ठेवलं, पुढच्याच मोसमात दुसरी डिव्हिजन जिंकून वर आलं. बर्नलीनं २०१५ ला खाली गेल्यावर डाइशना ठेवलं, वर्षात परत आले आणि २०१७-१८ ला सातवे. याच बर्नलीनं २०२२ च्या एप्रिलमध्ये, ८ मॅच उरल्या असताना डाइशना काढलं आणि टीम खाली गेलीच. टॉटनहॅमनं १९७७ ला खाली गेल्यावर कीथ बर्किनशॉ यांना ठेवलं. १९७८ ला वर आले, १९८१ आणि १९८२ ला एफए कप जिंकला, १९८४ ला यूएफा कप. खाली नेणारा मॅनेजर आणि ते तीन कप जिंकून देणारा मॅनेजर एकच होता.